आमचा पाण्याचा संगणक

माणसाचें डोकें तापलें म्हणजे त्याला थंड पाणी प्यावयास द्यावें, कपाळावर ओला फडका ठेवावा आणि घटकाभर त्याच्याशीं कोणीं बोलूं नये, अशी आपल्याकडे पूर्वापार चाल आहे. यंत्राचें डोकें तापलें म्हणजे काय करावें, याविषयीं मात्र आपल्या वाडवडिलांनीं कांहींच सांगून ठेवलेलें नाहीं, अशी आमची समजूत होती. ती समजूत चुकीची होती, हें आमच्याच गांवांतील एका जुन्या हौदाखालीं उभें राहिल्यावर आम्हांस कळलें. पण तेथवर पोहोंचण्यापूर्वीं एक ग्राफिक कार्ड, ताईचें एक मोठें काम आणि स्वतःविषयींचें आमचें पुष्कळसें चांगलें मत, इतकें सर्व गमवावें लागलें. ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें गांव म्हणजे छत्रपति संभाजीनगर. २०२३ सालापर्यंत कागदोपत्रीं औरंगाबाद. दख्खनच्या काळ्या कातळावर वसलेल्या या गांवीं चैत्र सरतां सरतां ऊन असें कांहीं पेटतें कीं, दुपारीं रस्त्यावरचें कुत्रेंहि सांवली सोडीत नाहीं. आमचें बिऱ्हाड औरंगपुऱ्याच्या बाजूस तिसऱ्या मजल्यावर आहे. वर गच्ची आणि गच्चीवर प्रत्यक्ष सूर्यनारायण, मध्यें दुसरें कोणी नाहीं. त्या वर्षीं आम्ही दहावीची परीक्षा देऊन मोकळे झालों होतों. आणि मोकळा मुलगा हा घरांतील यच्चयावत् यंत्रांचा शत्रु असतो.

घरांत एक संगणक होता. तो आम्हीं व आमच्या आतेभावानें सुटे भाग जमवून जोडलेला असल्यामुळें त्यावर आपला हक्क आहे, असें आम्ही मानीत असूं. वस्तुतः त्याच्यावर घराचा निम्मा खर्च चालत होता. आमच्या ताईनें वास्तुरचनेचें शिक्षण पुरें केलें होतें. परंतु बाबांच्या दुखण्यामुळें पुण्याची नोकरी सोडून ती घरींच काम करूं लागली होती. पुण्यामुंबईचे वास्तुविशारद तिच्याकडे नकाशे पाठवीत, आणि ज्या इमारतीचा पायाहि अजून खणलेला नाहीं तिचें हुबेहूब चित्र ती संगणकावर तयार करून देई. सूर्याचा किरण खिडकींतून आंत येईल, फरशीवर आपटेल, तेथून भिंतीवर जाईल, भिंतीचा रंग घेऊन छताकडे वळेल, अशा कोट्यवधि किरणांचा हिशेब यंत्रानें करावा तेव्हां कोठें एक चित्र उमटे. हा हिशेब रात्रभर चाले. ताई निजे आणि यंत्र जागें राही.

माघांत जें चित्र सहा तासांत होई, त्यास वैशाखांत दहा तास लागूं लागले. कारण उघड होतें. आजकालच्या प्रोसेसरला स्वसंरक्षणाची बुद्धि दिलेली असते. तपमान शंभर अंशांच्या घरांत गेलें कीं तो आपण होऊन आपली गति कमी करतो. भर दुपारीं नांगराचा बैल पाऊल जड टाकूं लागतो, तसाच हा प्रकार. आम्हीं पेटीचें एका बाजूचें झाकण काढलें, समोर टेबलपंखा ठेवला, धूळ झटकली, प्रोसेसरवरचा उष्णतावाहक लेप पुसून नवा लावला. प्रत्येक उपायानें दोन-तीन अंशांचा गुण येई आणि दुसऱ्या दिवशींचें ऊन तो परत घेऊन जाई. खोलींतील हवाच चाळीस अंशांवर असतां पंख्यानें तरी काय करावें? तो बिचारा गरम हवा एका जागेहून दुसऱ्या जागीं नेऊन टाकी, एवढेंच.

तेव्हां आमच्या मनांत पाण्यानें प्रवेश केला.

पाण्यानें संगणक थंड ठेवण्याची कल्पना आमची नव्हे. मोठमोठ्या संगणकांतून नळांवाटे पाणी खेळविण्याची रीत १९६० नंतरच्या दशकापासून चालत आली आहे. १९८५ सालीं अमेरिकेंत निघालेला क्रे-२ हा महासंगणक तर सबंधच्या सबंध एका वीजरोधक द्रवांत बुडवून ठेवलेला असे. फार लांब जावयास नको. पुण्यांत १९९१ सालीं पहिला परम संगणक तयार झाला, आणि त्याच घराण्यांतील परम ब्रह्म हा जो महासंगणक तेथील विज्ञानसंस्थेंत २०१९ सालीं बसविला, त्याची उष्णता थेट नळांतून फिरणाऱ्या पाण्यानेंच वाहून नेली जाते. मग परम ब्रह्माला जें चालतें तें औरंगपुऱ्याला कां चालूं नये, असा आमचा युक्तिवाद होता.

यांतील तत्त्व सोपें आहे. एक किलो पाणी एका अंशानें तापविण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. आणि सारख्याच आकारमानाचें पाणी व हवा घेतली, तर पाणी हवेच्या जवळजवळ साडेतीन हजार पट उष्णता पोटांत घेतें. ताईचें यंत्र ऐन भरांत असतां सुमारे साडेतीनशे वॅट उष्णता बाहेर टाकी. मिनिटाला एक लिटर पाणी त्यावरून फिरविलें, तर तें पाणी एका फेरींत अवघें पांच अंश तापेल, असा हिशेब आम्हीं वहीच्या मागच्या पानावर केला, आणि हर्षानें आमचा कंठ दाटून आला. हर्ष ओसरल्यावर दुसरा हिशेब सुचला. पाणी उष्णता नाहींशी करीत नाहीं. तें केवळ हमालाचें काम करतें. हमालाच्या डोक्यावरचें ओझें उतरून घेणारें कोणी नसेल, तर दोन लिटर पाणी दर मिनिटास अडीच अंशांनीं तापत जाईल आणि पाव तासाच्या आंत हात लावूं देणार नाहीं. हें ओझें उतरून घेणारा जो भाग, तोच रेडिएटर. तांब्याच्या पातळ नळ्या, त्यांमधून पातळ पत्र्याच्या घड्या, आणि त्यांवरून पंख्याचा वारा. पाण्यानें आणलेली उष्णता तो घड्याघड्यांतून हवेच्या हवालीं करतो.

बाजारांत याचा तयार संच मिळतो. त्याची किंमत आम्हीं जेवतांना हलकेच सांगितली, तेव्हां बाबांनीं चष्मा काढला, पुसला, पुन्हां लावला आणि ताटांतली भाजी संपविली. आम्ही समजलों.

मग आम्हांस माठाची आठवण झाली. माठांतलें पाणी पाझरतें, उडून जातें आणि जातांना उष्णता घेऊन जातें. तेव्हां संगणकाचें गरम पाणी माठांतूनच फिरवावें, म्हणजे रेडिएटरची गरजच नाहीं! हा बेत आईच्या कानावर गेला. त्या उन्हाळ्यांत आमच्या गल्लींत नळाला आठव्या दिवशीं पाणी येत असे, तेंहि मध्यरात्रीं; आणि आई हंडे, बादल्या व पिंपें मांडून त्याची वाट पाहत बसे. तिनें विचारलें, “दिवसाला किती पाणी उडून जाईल?” आम्हीं हिशेब केला. साडेतीनशे वॅट उष्णता केवळ पाण्याच्या वाफेनें घालवावयाची, तर तासाला सुमारे अर्धा लिटर, म्हणजे रात्रंदिवस यंत्र चाललें तर बारा लिटर. आई म्हणाली, “बारा लिटरांत आपल्या घराचा स्वयंपाक आणि पिणं होतं. यंत्राला तहान लागली असेल तर त्यानं आपलं पाणी आपण पुरवून वापरावं.” शीतकरणशास्त्राचा एवढा नेमका निवाडा आम्हीं अन्यत्र वाचला नाहीं. तेंच तें लिटर दोन लिटर पाणी बंद नळ्यांतून पुनःपुन्हां फिरावें आणि थेंबहि वायां जाऊं नये, हेंच आमच्या गांवाला शोभणारें होतें. म्हणजे रेडिएटर हवाच; आणि तो विकत घेण्याची सोय नाहीं, म्हणजे तो कोठून तरी पैदा केलाच पाहिजे.

मोंढ्याच्या अंगाला एका बोळांत एक वृद्ध कारागीर रेडिएटर दुरुस्त करीत बसत. त्यांना सगळे चाचा म्हणत. आम्हीहि चाचाच म्हणूं. दुकान कसलें, भिंतीला टेकवलेलें एक छप्पर, पुढें पाण्याचा हौद, एक भट्टी, आणि चहूंकडे मोटारींच्या रेडिएटरांचे सांगाडे. १९८५ सालीं वाळूजला बजाजचा कारखाना उघडला तेव्हांपासून आमचें गांव दुचाकी-तिचाकीचें झालें. चाचांचें पोट मात्र ट्रकांवर, ट्रॅक्टरांवर आणि जुन्या मोटारींवर चालत आलेलें होतें. त्यांचें सारें कौशल्य तांब्यापितळेचें. गळती शोधावी, जागा घांसावी, तेजाब लावावें आणि कथलाच्या डाखानें ती बुजवावी. नव्या मोटारींचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे आणि त्यांच्या टाक्या प्लास्टिकच्या. त्यांना डाख धरत नाहीं, फुटले कीं फेंकून द्यावयाचे. त्यामुळें चाचांपाशीं बोलावयास वेळ पुष्कळ होता.

आम्हीं आपली अडचण सांगितली. संगणकाला रेडिएटर बसवावयाचा हें ऐकून ते हंसले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, पाणी कोणत्या धातूवरून जाणार. आम्हीं सांगितलें, प्रोसेसर व ग्राफिक कार्ड यांवर बसविण्याचे दोन ठोकळे तांब्याचे आहेत. त्यासरशीं हातांत घेतलेला मोटारसायकलचा सुबक ॲल्युमिनियमचा रेडिएटर त्यांनीं बाजूला ठेवला. “तांबा और अल्मुनियम एक पानी में नको, बेटा. एक दूसरे कू खा जाता.” पुढें पुस्तकांत आम्हांस याचें शास्त्र सांपडलें. दोन निराळ्या धातू एकाच पाण्यांत एकमेकींशीं जोडल्या गेल्या म्हणजे एक लहानसा विद्युद्घटच तयार होतो, आणि त्यांत ॲल्युमिनियम झिजत जातें. चाचांना तें चाळीस वर्षांच्या गळक्या रेडिएटरांनीं शिकविलें होतें.

मग त्यांनीं भंगारांतून एक वस्तु ओढून काढली. एका जुन्या मोटारीच्या हीटरचा गाभा. तळहातापेक्षां थोडा मोठा, पितळी टाक्या, तांब्याच्या नळ्या. थंड मुलखांत मोटारींतील माणसांना ऊब मिळावी म्हणून इंजिनाचें गरम पाणी याच्यांतून फिरवितात. आमच्या गांवीं ऊब कोणाला हवी? म्हणून हा गाभा त्या मोटारीच्या जन्मभर जवळजवळ बिनवापर राहिला आणि आंतून स्वच्छ होता. उबेसाठीं जन्मलेली वस्तु थंडाव्यासाठीं कामास यावी, यांत आम्हांस मोठें काव्य दिसलें. चाचांना त्यांत वजनावर दोनशे रुपये दिसले. त्यांनीं त्याचें एक तोंड बंद करून दुसऱ्यांतून हवा भरली, पाण्यांत बुडविला, बुडबुडा येत नाहीं हें दाखविलें, आणि आमच्या बारीक नळीला बसतील अशीं दोन पितळी तोंडें जोडून देतों, उद्यां या, असें सांगितलें.

उद्यां! आम्हांस आजच पाहिजे होतें. आमच्या आतेभावाकडे डाख देण्याची विजेची कांब होती. “तोंडें आम्हीच लावूं,” असें आम्ही म्हणालों. चाचांनीं आमच्या हातांकडे पाहिलें, आणि निघतांना दोन गोष्टी बजावल्या. “ये ऊपर नको रखना, पानी चोर है, सुई की नोक भर रस्ता मिल्या तो निकल जाता. और चालू करने के पैले खाली पानी फिराना, चौबीस घंटे. एक घंटा बी कम नको.”

वाचकहो, या दोन वाक्यांतच आमची सारी कथा आहे.

घरीं आल्यावर आम्हीं पेटीच्या माथ्यावरचा पत्रा करवतीनें कापला. रेडिएटर ठेवावयास दुसरी जागा नव्हती असें नाहीं. पण माथ्यावर तो शोभून दिसत होता. तो लोखंडी पट्ट्यांनीं जखडला. त्यावर बारा सेंटिमीटरचा एक पंखा बसविला. मात्र पंखा गाभ्याला चिकटवून न ठेवतां मध्यें पुठ्ठ्याची इंचभर उंच चौकट केली. पंख्याच्या मध्यभागीं मोटार असते, तेथून वारा येत नाहीं; थोडें अंतर सोडलें तर वारा पसरून सगळ्या घड्यांना मिळतो. एवढें एक शहाणपण आम्हीं केलें, तें येथें नमूद करून ठेवतों, कारण पुढें तसा प्रसंग येणार नाहीं. हवेच्या कूलरमधली लहान मोटार पाणी ढकलण्यास घेतली. पाणी सांठविण्यास आईची लोणच्याची रिकामी कांचेची बरणी, तिच्या झांकणाला दोन भोंकें. पितळी तोंडें आम्हीं स्वहस्तें लावलीं. पहिलें बरें बसलें. दुसऱ्याचा डाख ढेकळासारखा झाला, पण ‘ढेकूळ म्हणजे भरपूर’ असा आम्हीं अर्थ केला. गॅरेजमध्यें बॅटरीसाठीं मिळतें तें शुद्ध पाणी आणून भरलें. शुद्ध पाणी विजेला वाट देत नाहीं असें आम्हीं वाचलेलें होतें, तेव्हां गळलें तरी भय नाहीं, असा आमचा विश्वास होता.

मंगळवारीं सकाळीं दहा वाजतां सांध्यांखालीं त्या दिवशींचें वर्तमानपत्र पसरून, यंत्र बंद ठेवून, नुसतें पाणी फिरतें केलें. दुपारीं पाहिलें, कागद कोरडा. चार वाजतां पाहिलें, कोरडा. ताईला शुक्रवारीं सकाळीं एका रुग्णालयाच्या इमारतीचीं सहा चित्रें द्यावयाचीं होतीं. ती सारखी घड्याळाकडे पाहत होती. पण सुरू कर असें ती एकदांहि म्हणाली नाहीं. सायंकाळीं सहा वाजतां आम्हीं यंत्र सुरू केलें.

आणि काय चमत्कार! जें तपमान पंचाण्णव अंशांवर ठाण मांडून बसे, तें अडुसष्टावर येऊन स्थिरावलें. ताईचें पहिलें चित्र रात्रीं बारालाच तयार झालें. सकाळीं आईनें बरणीला हात लावून पाहिला व ‘कोमट आहे’ असा अभिप्राय दिला. आम्हीं आतेभावाला बोलावलें, शेजाऱ्यांना बोलावलें, बाबांना खुर्ची देऊन समोर बसविलें. चाचांकडे जाऊन सांगावें असेंहि मनांत आलें. पण ते किती तास पाणी फिरविलें असें विचारतील, म्हणून गेलों नाहीं.

गुरुवारीं रात्रीं, पांच चित्रें होऊन सहावें निम्म्यावर आलें असतां, पडदा काळा झाला. दिवा लावून पाहतों तों ढेकळाच्या कडेनें पाणी पाझरून थेंबाथेंबानें खालीं उतरलें होतें, आणि खालीं, नेमकें खालीं, ग्राफिक कार्ड होतें. तेथून तें वर्तमानपत्रावर सांचलें होतें. बरणींतलें पाणी तीन दिवसांपूर्वीं शुद्ध होतें हें खरें. पण डाखाचें तेजाब, जुन्या पितळेचा मळ आणि कार्डावरची धूळ इतक्यांना भेटून आल्यावर त्याचा शुद्धपणा कितीसा उरणार? एक उग्र वास खोलींत भरला होता. कार्ड गेलें. झालेलीं पांच चित्रें डिस्कवर सुखरूप राहिलीं. परंतु सहावें, मुख्य प्रवेशद्वाराचें, तेंच त्या माणसांना सर्वांआधीं हवें होतें. शुक्रवारची वेळ टळली. त्यांनीं पांच चित्रांचे पैसे दिले आणि पुढील काम दुसऱ्या कोणाला सोंपविलें.

त्या रात्रीं ताईनें ओला कागद हळूच उचलून बाजूला ठेवला, फरशी पुसली, आणि एकच प्रश्न केला, “किती तास पाणी फिरवलं होतंस रे?”

आम्हीं सांगितलें, “चोवीस.”

ती कांहीं बोलली नाहीं. येथवर आम्ही स्वतःस मोठ्या तोऱ्यानें ‘आम्ही’ म्हणवीत आलों आहों; परंतु वाचकांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, हे ‘आम्ही’ एकच माणूस आहेत, आणि त्या असत्यांत वांटा घेण्यास दुसरा कोणीहि नव्हता.

पुढले आठ दिवस वाईट गेले. कोणी रागावलें असतें तर बरें झालें असतें. आई पूर्वींप्रमाणेंच मध्यरात्रीं हंडे मांडी. बाबा पूर्वींप्रमाणेंच चष्मा पुसत. आणि ताई आपल्या जुन्या मंद यंत्रावर लहानसहान नकाशे काढीत बसे. त्यांतच नागपूरकडचे पाहुणे आले, आणि त्यांना गांव दाखविण्याचें काम आम्हां भावंडांकडे आलें.

दुपारीं आम्ही पाणचक्कीवर गेलों. खाम नदीच्या कांठचें हें स्थळ आम्हीं लहानपणापासून शंभर वेळां पाहिलेलें. पण त्या दिवशीं तें जणूं प्रथमच पाहिलें. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी हें गांव वसविलें, तेंच पुढें औरंगाबाद झालें. गांव वसवितांनाच पाण्याचा विचार करणारा तो पुरुष. डोंगरांतलें पाणी भूमिगत नहरीनें त्यानें गांवांत खेळविलें. पाणचक्कीची नहर त्याच परंपरेंतली, मागाहूनची. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत १७४४ च्या सुमारास चक्की सिद्ध झाली, आणि कांहीं मैलांवरच्या डोंगरांतून नळांवाटे आलेलें पाणी उंच भिंतीवरून हौदांत पडूं लागलें. त्या पाण्याच्या बळावर जातें फिरे आणि फकीर-यात्रेकरूंसाठीं पीठ दळलें जाई.

ताई पाहुण्यांना समजावून सांगत होती. “नळ बंद असले कीं आंत हवा कोंडते आणि पाणी अडतं. म्हणून नहरीवर जागोजाग उंच स्तंभ बांधले, हवेला वर वाट ठेवली.” आम्हांस आमच्या रेडिएटरांतून रात्रभर येणारा गुळगुळ असा आवाज आठवला. त्याच्याहि पोटांत हवा कोंडलेली होती, आणि ती बाहेर पडावयास आम्हीं वाटच ठेवली नव्हती. नंतर आम्ही हौदाखालच्या मोठ्या दालनांत उतरलों. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि आंत पाऊल टाकतांच मानेवरून गार हात फिरल्यासारखें वाटलें. ताईनें वर बोट दाखविलें. “या दालनाचं छत म्हणजेच वरच्या हौदाचा तळ. डोक्यावर पाणी आहे, म्हणून ऊन खालीं पोहोंचत नाहीं.” पाहुणे ‘वाहवा’ म्हणाले. आम्ही वर पाहत राहिलों. पाणी डोक्यावर ठेवलें होतें, केवढें तरी पाणी, पावणेतीनशेंहून अधिक वर्षें. आणि तें थंडावा देत उभें होतें, कारण तें बांधणारानें प्रत्येक सांधा सावकाश भरला होता. आमचें दोन लिटर पाणी तीन दिवसहि डोक्यावर राहिलें नाहीं.

पाहुणे चक्की पाहावयास पुढें गेले, तेव्हां आम्ही म्हणालों, “ताई, चोवीस नव्हते. आठच तास.”

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “खालचा कागद मंगळवारचा होता, आणि यंत्र तूं मंगळवारींच सुरू केलंस.”

आम्हांस वर पाहवेना. कांहीं वेळानें तीच पुढें म्हणाली, “मीहि तुला थांब म्हणाले नाहीं. पण तूं चोवीस म्हणालास ना, तें मला कार्डापेक्षां जास्त लागलं.”

दुसऱ्या दिवशीं आम्ही चाचांकडे गेलों आणि झालेला प्रकार जसाच्या तसा सांगितला. त्यांनीं आमचें ढेकूळ बोटानें चांचपलें. नखानें टोंकरतांच तें सबंध निघून हातांत आलें. “नीचे से साफ नहीं किये,” एवढेंच ते म्हणाले. डाख धातूला धरतो, मळाला धरत नाहीं. जागा घांसून चकचकीत केल्यावांचून आणि पुरती तापविल्यावांचून वर कितीहि कथील ओता, तें नुसतें बसून राहतें, चिकटत नाहीं. नवें कार्ड घ्यावयाचें तर पैसे पाहिजेत. बाबांची परवानगी घेऊन आम्ही दीड महिना चाचांच्या हाताखालीं राहिलों. पहिले पंधरा दिवस केवळ घांसण्याचें काम मिळालें. तिसऱ्या आठवड्यांत त्यांनीं कांब हातांत दिली. डाख कडेनें पाण्यासारखा आपण होऊन ओढला जातो तो क्षण ओळखूं येऊं लागला, तेव्हां दहावीच्या निकालापेक्षां अधिक आनंद झाला, हें येथें लिहिण्यास हरकत नाहीं. मिळालेली मजुरी आणि आमची सायकल विकून आलेले पैसे मिळून एक जुनें पण धड कार्ड आलें.

रेडिएटर पुन्हां बसविला तो पेटीच्या माथ्यावर नव्हे, तर बाहेर, खिडकीशीं, फरशीपासून वीतभर उंचीवर. गळलाच तर फरशीवर गळावा. दोन्ही तोंडें वरच्या अंगाला केलीं, म्हणजे हवा आपली आपण वर चढून बरणींत जाते. बरणी सर्वांत उंच ठेवली, तोच आमचा नहरीचा स्तंभ. शुद्ध पाण्यांत मोटारींत घालतात तें गंजरोधक शीतक थोडें मिसळलें, कारण तांबें, पितळ व कथील हेहि शेवटीं निरनिराळे धातूच. मग वर्तमानपत्र पसरलें आणि पाणी फिरतें केलें. एक दिवस गेला, एक रात्र गेली, आणखी एक दिवस गेला. घरांत कोणीहि घाई केली नाहीं. खोलींत एकोणचाळीस अंश असतां प्रोसेसर सदुसष्टावर आणि पाणी अठ्ठेचाळिसांवर राहिलें; ताईचीं चित्रें पुन्हां सहा तासांत होऊं लागलीं. रुग्णालयाचें काम गेलें तें गेलेंच. तें परत आलें नाहीं. पण आणखी कामें आलीं.

यंत्र अजून चालू आहे. दर वर्षीं होळी झाली कीं आम्ही त्याचें पाणी बदलतों; दीड लिटर लागतें, आणि जुनें पाणी शीतकासह वेगळ्या बाटलींत भरून चाचांच्या बोळांत नेऊन देतों. नवें पाणी भरल्यावर यंत्र बंद ठेवून खालीं कागद पसरतों. त्यावरची तारीख ताई एकदां येऊन पाहून जाते.